आईच्या नसांचा आवाज

पांढरकवड्याला हमरस्त्याच्या कडेला आमचं चहाचं हॉटेल होतं, आणि त्या हॉटेलात आई कधी भरलेला कप उचलत नसे. आधी रिकामे कप गिऱ्हाइकांपुढे मांडायचे आणि मग किटली घेऊन एकेका टेबलाशी जाऊन तिथल्या तिथे ओतायचं, अशी तिची पद्धत. ही पद्धत ट्रकवाल्यांना फार आवडायची. चहा गरम मिळतो, शिवाय बाई स्वतः येऊन वाढते, असं त्यांना वाटे. पुढे रस्त्यावरच्या आणखी दोन हॉटेलांनी तशीच किटली फिरवायला सुरुवात केली. ही रीत कशातून निघाली ते त्यांना कुठून माहीत असणार? हातातला कप कोणत्या घडीला दगा देईल याचा आईला भरवसा नव्हता, एवढंच. किटलीला झाकण असतं, वेळ आली तर ती जमिनीवर टेकवता येते. आईच्या साऱ्या हालचाली अशा आधीच विचार करून ठरलेल्या असत. उठायची ती भिंतीला हात लावून, सावकाश, जणू तिला कसलीच घाई नाही. लोक म्हणत, बाई मोठी रुबाबदार आहे. रुबाबदार तर ती होतीच.

पुढे पत्र्याची शेड आणि मागे दोन खोल्या, एवढं आमचं घर. शेडमध्ये बाबांची भट्टी. बाबा पहाटेपासून कढईपाशी. आलुबोंडे, समोसे आणि आमच्याकडचे तर्रीपोहे, ज्यांच्यावरचा लाल कट पाहूनच परगावचे लोक पाणी मागत. मागच्या खोलीत आईची चूल. तिथे ज्वारीची भाकर, आंबाडीची भाजी, जवसाची चटणी, आणि थंडीच्या दिवसांत बेसनाच्या पातोड्यांचा रस्सा. त्यावर मूठभर सांबार. सांबार म्हणजे आमच्याकडे कोथिंबीर. कॉलेजात पहिल्यांदा मेसवाल्याने सांबार म्हणून वाटीभर आंबट वरण पुढे ठेवलं तेव्हा मी चक्रावून गेले होते. मिरची ठेचताना वरवंट्याचा आवाज, कढईत तेलाची चरचर, बाबांच्या रेडिओवरच्या बातम्या, आणि या सगळ्यावरून जाणारे ट्रक. नागपूरकडून हैदराबादकडे, हैदराबादकडून नागपूरकडे. रिकामा ट्रक आणि भरलेला ट्रक मी डोळे मिटून ओळखू शकत असे. आणि त्यांचे हॉर्न! काहींचे दोन सुरांचे, काहींचे तीन सुरांचे, काहींचे नुसते कानठळ्या बसवणारे. त्या आवाजात मी अभ्यास केला, झोपले, वाढले. त्याचं मला कधीच काही वाटलं नाही.

आईला काय होत असे ते सांगते. दिवसातून चार-सहा वेळा, कधी त्याहून जास्त, तिचे पाय एकाएकी तिचे राहत नसत. ती डोलू लागे, हात कापत, जीभ जड होऊन शब्द एकमेकांत अडकत. मिनिटभर, फार तर दोन-तीन मिनिटं. मग जसं आलं तसं ते निघून जाई आणि ती पदर सारखा करून कामाला लागे. शुद्ध कधी हरपत नसे. त्या दोन मिनिटांत सगळं तिला दिसत असे, ऐकू येत असे, लोक काय बोलतात तेसुद्धा.

आणि लोक दोन गोष्टी बोलत. काहींच्या मते ती पीत होती. सकाळी सकाळी डोलते, बोबडं बोलते, आणखी काय पाहिजे? इतरांच्या मते तिच्या अंगात येत होतं. एकदा दोन बाया हळद-कुंकू आणि नारळ घेऊन मागच्या दाराशी आल्या. आई भाकर थापत होती. त्यांनी नारळ पुढे ठेवला, एकीने तिच्या पायाला हात लावला. आईने पाय मागे घेतला.

"हे काय करून राह्यल्या तुम्ही?"

"माय, मोठ्या पोरीचं जमून नाई राह्यलं. तुह्या अंगात येते तं इचारून पाहाव म्हनलं."

"माह्या अंगात कोनी येत नाई बाई," आई म्हणाली. "माहे पाय लटपटतेत. पायाले का इचारता? पोरीले शिकवा, आपोआप जमन."

तिने त्यांना चहा पाजला आणि नारळ परत दिला. आमच्या आजोबांनी घरातले देव सोडून बुद्धाची वाट धरली, त्याला तेव्हा पुष्कळ वर्षं झाली होती. आई त्या गोष्टीला पक्की धरून होती. देवी होऊन मान मिळवणं तिला सोपं होतं. पायाशी नारळांचा ढीग पडला असता, आणि पिते म्हणणाऱ्यांची तोंडंही बंद झाली असती. तिने ते केलं नाही. आज या वयात मला कुणी विचारलं की तुझ्या आईची सर्वांत मोठी गोष्ट कोणती, तर मी तो परत केलेला नारळ सांगेन.

डॉक्टरांकडे ती गेली नव्हती असं नाही. माझ्या लहानपणी बाबांनी तिला दुसऱ्या एका तालुक्याच्या गावी खाजगी डॉक्टरकडे नेलं होतं. त्याने नाडी पाहिली, डोळे पाहिले आणि बाबांना सांगितलं, "यांना काही झालेलं नाही. मनाचं आहे. बायकांना होतं असं." आई तिथेच बसली होती. परत येताना एसटीत ती बाबांना एवढंच म्हणाली, "माह्यं मन मले मालूम हाय. त्याले काई झालं नाई." त्यानंतर तिने दवाखान्याचं नाव काढलं नाही. किटली, भिंत, सावकाश उठणं, असं एकेक आपलं आपण शोधून काढत तिने संसार केला.

मग माझी पाळी आली.

मी नववीत होते. शाळेच्या मैदानावर धावण्याची शर्यत होती आणि माझा नंबर यायची खात्री होती. आम्ही रेषेवर वाकून उभ्या राहिलो. शिट्टी वाजली तशी मी झेपावले, आणि सात-आठ पावलांवर माझे पाय हरवले. दुसरा शब्द मला आजही सापडत नाही. पाय होते, पण मी सांगत होते एक आणि ते करत होते भलतंच. मी झिंगल्यासारखी शेजारच्या पट्ट्यात गेले, एका मुलीवर आदळले आणि खाली बसले. हात थरथरत होते. बाई धावत आल्या, "काय झालं गं?" मी उत्तर दिलं, पण तोंडातून निघाला तो नुसता लगदा. मागून कुणीतरी हसून म्हणालं, "मायवर गेली वं!" ते वाक्य मला लख्ख ऐकू आलं. आईला रोज काय ऐकू येत असेल ते त्या क्षणी मला कळलं.

घरी जाऊन मी काही बोलणार नव्हते, पण बातमी माझ्याआधी पोचली होती. आईने गिऱ्हाइकांचं काम बाबांवर सोडलं, मला मागच्या खोलीत नेलं आणि बाजेवर बसवलं. माझा उजवा हात तिने आपल्या मांडीवर पालथा ठेवला आणि बराच वेळ पाहत राहिली. मीही पाहिलं. अंगठ्याजवळच्या मांसात, कातडीखाली, बारीक बारीक लाटा चालल्या होत्या. कातडीखालून मुंग्यांची रांग जावी तशा. मग तिने आपला हात शेजारी ठेवला. तिथेही तेच.

"कवापासून?" तिने विचारलं.

"मालूम नाई. आज पहिल्यांदाच पाह्यलं."

ती उठली. त्या दिवशी प्रथमच मी तिला भिंतीला हात न लावता झटक्यात उठताना पाहिलं. दारातच तिला डोल आला, ती चौकट धरून उभी राहिली, आणि तो जायच्या आधीच, जड जिभेने, एकेक शब्द ओढत तिने बाबांना हाक मारली.

"ऐकता का. नागपूरले जाचं हाय. माह्यं मी पाह्यलं इतले वर्ष. पोरीचं मी असं पाहत बसनार नाई."

हॉटेल त्या आठवड्यात पहिल्यांदाच बंद राहिलं. आदिलाबादकडून सिमेंट घेऊन नागपूरला जाणारे रहीमचाचा आमचे नेहमीचे गिऱ्हाईक. ते म्हणाले, मी घेऊन जातो. सकाळी ट्रक दारात उभा राहिला. केबिनमध्ये मी, आई आणि बाबा दाटीवाटीने बसलो. चाचांनी इंजिन चालू करायच्या आत आई म्हणाली,

"चाचा, एक गोष्ट सांगाची हाय. हॉर्न नका वाजवू."

"काहे बहन?"

"मले त्याच्यानंच होते. एकदम वाजला का पाय जातेत."

बाबांनी मान वळवून तिच्याकडे पाहिलं. दिवसभर हॉर्न वाजणाऱ्या रस्त्यावर त्यांनी घर मांडलं होतं, आणि इतक्या वर्षांत हे तिने त्यांना एकदाही सांगितलं नव्हतं. वडकी गाव मागे पडलं. मग बाबा हळूच म्हणाले, "मले काहून नाई सांगतलं?" आई रस्त्याकडे पाहत म्हणाली, "सांगून काय केलं असतं? दुसरा रस्ता कुठून आनला असता?"

चाचांनी खरंच नागपूरपर्यंत हॉर्नला हात लावला नाही. हिंगणघाटच्या अलीकडे पुढे बैलगाड्यांची रांग लागली, तेव्हा त्यांनी खिडकीतून अर्धं अंग बाहेर काढलं आणि "अरे भाई, साइड दे दो, घर का पेशंट है!" असं ओरडत ओरडत ट्रक पुढे काढला. बुटीबोरीला पोचेतो त्यांचा घसा बसला होता.

दवाखाना मोठा होता, सरकारी. मेंदूच्या आणि नसांच्या विभागात आम्हाला पाठवलं. मोठ्या डॉक्टरांनी आईला तपासलं. गुडघ्यावर हातोडी मारली, नाकाला बोट लावायला सांगितलं, सरळ रेषेवर चालायला लावलं. आई रेषेवर चालली, एकही पाऊल चुकलं नाही. नंतर मला तपासलं. मीही नीट. ते कागदावर लिहू लागले आणि शेजारच्या शिकाऊ डॉक्टरांशी इंग्रजीत बोलले. मला शाळेतलं इंग्रजी येत होतं. पूर्ण नाही, पण 'मनाचं' या अर्थाचा शब्द मला कळला. मी आईच्या कानात सांगितलं.

आई स्टुलावरून उठली नाही. आवाजही तिने चढवला नाही.

"डाक्टरसाहेब, तुम्ही मले बरी असताना पाह्यलं. बरी असताना तं मी बरीच हावो. ते आलेलं तुम्ही पाह्यलंच नाई."

"मग कधी येतं ते?"

आणि आईने सांगायला सुरुवात केली. कितीतरी वर्षं मनात साठवलेलं सगळं तिने ओळीने सांगितलं. बराच वेळ बसून एकदम उठलं की येते. पळलं की येते, पण पळून अंग तापल्यावर येत नाही, पहिल्याच पावलांना येते. दचकलं की येते. लय गरम पाण्यानं आंघोळ केली तं येते. तापात जास्त येते. गरोदर असताना वाढलं होतं. हातातलं बारीक थरथरणं मात्र कधीच थांबत नाही, झोपेतसुद्धा असावं, कारण जाग येते तेव्हा ते चालूच असते. शिकाऊंपैकी एक डॉक्टरीण होती, नलिनी मॅडम. त्या आधी भिंतीला टेकून उभ्या होत्या. आईचं बोलणं चालू असताना त्या पुढे आल्या आणि वही काढून लिहू लागल्या.

"मले पळू द्या," आई शेवटी म्हणाली. "तुमच्यासमोर आनून दाखवतो."

मोठे डॉक्टर हसले, पण नाही म्हणाले नाहीत. बाहेर लांब व्हरांडा होता. आई बाकावर बसली आणि म्हणाली, आता मले थोडा वेळ हलवू नका. पंधरा-वीस मिनिटं ती पुतळ्यासारखी बसली. येणारेजाणारे थांबू लागले. एक आया, दोन-तीन पेशंट, मग शिकाऊ डॉक्टरांचा सारा घोळका. मला लाजेने मेल्याहून मेल्यासारखं झालं. शाळेच्या मैदानावर जे माझ्याकडून नकळत झालं होतं, आणि ज्याच्यासाठी मी दोन दिवस रडले होते, ते आई चारचौघांत मुद्दाम करणार होती. तिने लुगड्याचा काष्टा घट्ट केला, पदर खोचला, माझ्याकडे एकदा पाहिलं, आणि उठून धावली.

दहा पावलं असतील. मग तिचे खांदे झुकले, पाय फाकले, हात हवेत काहीतरी शोधू लागले. बाबा पुढे झाले, नलिनी मॅडम त्यांच्याही आधी पोचल्या. त्यांनी तिला दोन्ही दंडांना धरून सांभाळलं आणि तोंडाजवळ तोंड नेऊन विचारलं, "बाई, माझं ऐकू येतंय? आज वार कोणता?"

"बु... बुद... वार."

"कुठून आलात?"

"पांढर... कव... डा." घाम आला होता, मान डुलत होती, शब्द लोळागोळा होत होते. पण आई थांबली नाही. मॅडमच्या कोटाकडे बोट नेण्याचा तिने प्रयत्न केला. बोट भलतीकडेच गेलं. "तुमचं... बटन... तुटलं हाय."

मॅडमनी खाली पाहिलं. खरंच तुटलं होतं. व्हरांड्यात हशा पिकला, आणि तो आईवर नव्हता. मोठे डॉक्टर हसत नव्हते. त्यांनी चष्मा काढला, आईची बोटं आपल्या तळहातावर घेतली, घड्याळ पाहिलं, आणि डोल ओसरेपर्यंत हात सोडला नाही. मग ते म्हणाले, "बाई, माझी चूक झाली. बसा." एवढ्या मोठ्या माणसाने एवढ्या लोकांत तसं म्हटलं, याचं मला आजही कौतुक वाटतं. आईला मात्र त्याचं काही विशेष वाटलं नाही. तिच्या मते ते बरोबरच बोलले होते.

दुसऱ्या दिवशी एका अंधाऱ्या खोलीत आम्हाला नेलं. तिथे एक मशीन होतं, हिरवट पडदा आणि एक भोंगा. आईच्या अंगठ्याजवळच्या मांसात नलिनी मॅडमनी बारीक सुई टोचली. "आता हात अगदी सैल सोडा," त्या म्हणाल्या. "निरोगी माणसाचा स्नायू सैल सोडला की या भोंग्यातून काही ऐकू येत नाही."

आईने हात सैल सोडला. भोंग्यातून आवाज येऊ लागला. टक-टक. टक-टक-टक. थोडं थांबून पुन्हा टक-टक. गरम तव्यावर ज्वारीच्या लाह्या फुटाव्यात तसा, पण तालात. पडद्यावर जोडीजोडीने टोकदार रेघा उठत होत्या. आईने आधी भोंग्याकडे पाहिलं, मग हाताकडे.

"हा माहा आवाज हाय?"

"तुमच्या नसांचा," मॅडम म्हणाल्या. "तुम्ही काही सांगितलेलं नसताना तुमच्या नसा स्नायूला सारखे निरोप पाठवताहेत. एकदा पाठवायचा तिथे दोनदा, तीनदा."

"म्हंजे हे मनाचं नाई."

"नाही बाई. हे नसांचं आहे."

आई काही वेळ ऐकत राहिली. मग तिने दाराशी उभ्या असलेल्या बाबांना हाक मारली. "अहो, इकडे या. ऐका." बाबा आले. आम्ही तिघं त्या मशीनभोवती जमून तो टकटकाट ऐकत होतो. लोकांनी दारू म्हटलं, देवी म्हटलं, मन म्हटलं, आणि खरं काय ते त्या भोंग्यातून सगळ्यांना ऐकू येईल असं वाजत होतं. आईचा चेहरा मी तेवढा उजळलेला आधी पाहिला नव्हता. नंतर माझ्या हातात सुई गेली. माझ्याही नसांचा तोच ताल. मला रडू येणार होतं, पण आई म्हणाली, "अवं, तुहा तं माह्याहून जोरात हाय!" आणि मी हसले.

नसेला असं का होतं, ते त्या वेळी मॅडमनाही पूर्ण सांगता आलं नाही. त्या म्हणाल्या, नस एकदा पेटली की लगेच शांत व्हायला हवी, तुमची व्हायला वेळ घेते, यापुढचं अजून कुणाला नीट माहीत नाही. ते 'यापुढचं' माझ्या डोक्यात बसलं, आणि त्याच्याच मागे मी जीवशास्त्राला गेले. यवतमाळला कनिष्ठ महाविद्यालयात आयुष्यभर तेच शिकवलं. दरवर्षी नसांचा धडा आला की मुलांना सांगायची, की नसेच्या पेशीच्या आत पोटॅशियम जास्त असतं आणि बाहेर सोडियम. निरोप आला की आवरणातली सोडियमची दारं उघडतात, सोडियम आत घुसतं, आणि विजेची एक लहर पुढे धावते. ती लहर थांबवायची कुणी? तर पोटॅशियमची दारं असतात. ती क्षणभर मागाहून उघडतात, पोटॅशियम बाहेर जातं, आणि पेशी पुन्हा शांत, पुढच्या निरोपाला तयार. या दारांची काही जात अशी, की पेशी किती सहज पेटावी हेच ती ठरवते. ती नीट उघडली नाहीत तर पेशी विझतच नाही धड, जरा डिवचलं की पुन्हा पेटते. हाताकडे जाणाऱ्या नसेत तसं झालं तर कातडीखाली लाटा. लहान मेंदूत, जिथे शरीराचा तोल सांभाळला जातो, तिथे झालं तर पायांचा ताबा जातो, शिट्टीसरशी, हॉर्नसरशी.

अलीकडे माझ्या रक्ताची जनुकांची तपासणी झाली. पोटॅशियमच्या अशाच एका दाराच्या जनुकात एका अक्षराचा फरक निघाला, आईकडून मला आलेला. हे ऐकून लोक मला केळी खायला सांगतात. नातेवाईक तर घरी डझनाने केळी आणून देतात. त्यांना किती वेळा सांगू, की बाबांनो, माझ्या रक्तात पोटॅशियम भरपूर आहे, दारच अडतं, त्याला केळं काय करणार? पण केळी खाते. आवडतात मला.

नलिनी मॅडमनी आम्हा दोघींना एक गोळी सुरू केली. डोळ्यांचा दाब वाढलेल्यांना देतात ती. अशा काही पेशंटना ती लागू पडल्याचं त्यांनी वाचलं होतं. "खात्री देत नाही, करून पाहू," त्या म्हणाल्या. "पाणी भरपूर प्यायचं." पहिल्या काही दिवसांत बोटांना मुंग्या आल्या, चहा बेचव लागू लागला, आणि चहाच्या हॉटेलवालीला ते फारच लागलं. पण पुढच्या हप्त्यापासून आईचे डोल कमी होऊ लागले. दिवसाला चार-सहा होते ते दोन-चार दिवसांत एक, मग पंधरवड्यात एखादा. हातातल्या लाटा राहिल्या, पण त्यांचा कुणाला त्रास नव्हता. मी दहावीच्या वर्षी पुन्हा धावले आणि तिसरी आले. पहिली आले असते तर सांगायला बरं वाटलं असतं, पण तिसरीच आले.

बाबांनी हॉटेलच्या अलीकडे आणि पलीकडे एकेक पाटी उभी केली. पंजाबचे, आंध्राचे ड्रायव्हर मराठी कशी वाचणार, म्हणून त्यांनी मोठा भोंगा रंगवला आणि त्याच्यावर लाल फुली मारली. चित्र काही जमलं नव्हतं, भोंगा धोतऱ्याच्या फुलासारखा दिसत होता. पण रहीमचाचांनी ट्रकवाल्यांत काय सांगितलं कोण जाणे, तेवढ्या टप्प्यात बहुतेक गाड्या गुपचूप जाऊ लागल्या. गावातले लोक म्हणत, या बाईसाठी हमरस्ता गप बसतो.

दर काही महिन्यांनी आम्ही नागपूरला दाखवायला जात असू. मॅडमनी विचारलं, शिकणाऱ्या मुलांना तुम्हाला दाखवलं तर चालेल का? आई आनंदाने तयार झाली. मोठ्या वर्गात ती खुर्चीवर बसे आणि पन्नास-साठ होऊ घातलेल्या डॉक्टरांना आपल्या वऱ्हाडीत सगळं समजावून सांगे. शेवटी म्हणे, "बाई लटपटून राह्यली तं आधी तिचं ऐका. मंग काय लिहाचं ते लिहा." मुलं टाळ्या वाजवत. एकदा कुणीतरी टाळी जरा जोरात वाजवली आणि तिला तिथेच डोल आला. ती म्हणाली, "पा... हा. फुकट... दाखवलं."

मग एक दिवस मॅडमनी सांगितलं, की आईच्या आणि माझ्या आजाराबद्दल त्या डॉक्टरांच्या मासिकात लेख लिहिणार आहेत. आईने विचारलं, त्याच्यात माहं नाव येईन?

"नाही बाई. पेशंटचं नाव छापायचा नियम नाही. फक्त आद्याक्षरं आणि वय."

"काहून? मी का चोरी केली?"

"तुमचाच आब राखायला असतं ते."

"माहा आब मी राखला मॅडम," आई म्हणाली. "लोकायनं बेवडी म्हनलं, ते माह्या नावानिशी म्हनलं. आता खरं लिहून राह्यल्या, तं तेबी नावानिशी लिहा."

पण नियम नियम होता. लेख आला तेव्हा त्यात दोन अक्षरं होती, आणि पुढे 'वय अडतीस, चहाचे हॉटेल चालवणारी'. मी तो आईला वाचून, मराठी करून सांगितला. तिने लक्ष देऊन ऐकला, एका जागी चूक काढली, गरम पाण्याचं राहून गेलं होतं. मग मासिक मिटवून माझ्याकडे दिलं आणि म्हणाली, "तू शिकून राह्यली नं? मंग तू लिहिजो."

आई जाऊन आता बरीच वर्षं झाली. तिने सांगितलेलं मी आजवर केलं नव्हतं. मी पाठ्यपुस्तकांवर टिपणं लिहिली, प्रश्नपत्रिका काढल्या, मुलांच्या वह्या तपासल्या, पण हे राहिलं. आज करते.

माझ्या आईचं नाव पंचफुलाबाई शामराव मुनेश्वर. राहणार पांढरकवडा, जिल्हा यवतमाळ.